वायफाय नेमका कुणाचा पासवर्ड मागतंय? सांगलीतल्या एका वाचनालयाच्या संगणकाचं प्रकरण

सोमवारी सकाळी सव्वादहाला ग्रंथपाल ताईंचा फोन आला. "सर, वायफाय तुमचा पासवर्ड मागायलंय."

"माझा कशाला मागेल ताई? वायफायचा मागत असेल. राउटरच्या मागं चिठ्ठी चिकटवलीय बघा."

"तो घालून झाला की तीन वेळा. तो घेतोय, आणि मग दुसरीच खिडकी उघडतोय. वर तुमचं नाव दाखवतोय आणि खाली पासवर्डची जागा."

एवढं एक वाक्य मी धड ऐकलं असतं तर पुढचा दीड दिवस वाचला असता. ताईंनी पहिल्याच मिनिटात दुखणं बरोबर सांगितलं होतं. वायफायचा पासवर्ड चुकत नव्हता. त्याच्या पुढच्या पायरीला संगणक व्यवस्थापकाची संमती मागत होता. मी मात्र आमच्या धंद्यातलं ठरलेलं उत्तर दिलं, "राउटर बंद करून चालू करा." त्या बिचाऱ्या जिना उतरून खाली गेल्या, राउटर बंद-चालू करून परत वर आल्या. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा शिपाई मामांना पाठवलं.

वाचनालय गावभागातलं आहे. नाव सांगत नाही. ‘ब’ वर्गाचं, पुस्तकं भरपूर, पैसा बेताचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, म्हणजे धोक्याच्या ४५ फुटांच्या पातळीहून बारा फूट वर. तेव्हा वाचनालयाच्या खालच्या दालनात पाणी शिरलं आणि त्यानंतर संगणक कायमचा वरच्या मजल्यावर, अभ्यासिकेशेजारच्या खोलीत गेला. इंटरनेटची फायबर मात्र खालीच राहिली, देवघेवीच्या टेबलामागच्या भिंतीवर. जिन्यातून केबल ओढायचा ठराव झाला होता. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, ठरावाची वही सुकवण्यात महिना गेला आणि केबल राहिलीच. म्हणून डेस्कटॉप असूनही त्याचं इंटरनेट वायफाय पकडणाऱ्या एका यूएसबी डोंगलवर चालतं. एरवी जागेवरून न हलणाऱ्या संगणकाला मी वायफाय लावत नाही. तार असती तर हे प्रकरणच घडलं नसतं. का, ते पुढे येईल.

संगणक देणगीतला, जुना. त्यावर मी डेबियन ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली होती, कारण परवाना विकत घ्यायला पैसे नव्हते आणि विनापरवाना काही टाकायचं नाही हे सचिव काकांनी स्पष्ट सांगितलं होतं. खाती तीन. एक माझं, व्यवस्थापकाचं. एक ताईंचं. आणि एक ‘वाचक’ नावाचं, सगळ्यांनी मिळून वापरायचं. स्पर्धा परीक्षेची मुलं त्यावर फॉर्म भरतात, हॉल तिकीट काढतात. त्या सोमवारी सकाळी दोन मुलं हॉल तिकिटासाठीच ताटकळत बसली होती.

आदल्या आठवड्यात जुनी हार्ड डिस्क टकटक आवाज करायला लागली होती. मी संगणक घरी, विश्रामबागला आणला आणि रविवारी त्यात एसएसडी बसवून डेबियन ११ च्या जागी डेबियन १२ नव्याने टाकलं. नव्याने टाकलं, जुन्यावर अपग्रेड केलं नाही. हा तपशील महत्त्वाचा आहे. डेबियन १२ पासून बंद स्वरूपातली फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच मिळते, त्यामुळे डोंगल लगेच ओळखला गेला आणि माझा आत्मविश्वास नको तितका वाढला. मग तिन्ही खाती केली आणि जुन्या डिस्कवरून तीन गोष्टी आणल्या. एक, सगळ्यांची कागदपत्रं. दोन, वाचनालयाच्या वायफायची साठवलेली जोडणी, म्हणजे नाव, पासवर्ड वगैरे असलेली नेटवर्कमॅनेजरची (जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल. तीन, मीच पूर्वी लिहिलेली परवानगीची एक छोटी फाइल, ‘ग्रंथालय’ गटातल्या माणसाला नेटवर्कची मांडणी बदलू द्यावी असं सांगणारी. तिच्या नावाशेवटी पीकेएलए. ही ठेवायला गेलो तर नव्या सिस्टिमवर ते फोल्डरच नव्हतं. मी सरळ नवं फोल्डर केलं आणि फाइल आत टाकली.

आज मागे वळून पाहताना या ठिकाणी मी स्वतःच्या पाठीत एक धपाटा घालतो. सिस्टिमच्या मालकीच्या जागी एखादं फोल्डर नसेल तर त्याला बहुधा कारण असतं.

मग माझ्या खात्यातून माझ्या घरचं वायफाय जोडून बघितलं. जोडलं गेलं. यूट्यूबवर एक गाणं वाजवलं. संध्याकाळी संगणक वाचनालयात नेऊन ठेवला, भडंग खाल्लं, घरी आलो. म्हणजे चाचणी माझ्या घरच्या राउटरवर, माझ्या खात्यातून आणि माझ्या खुर्चीत झाली. वापरणारी माणसं वेगळी, राउटर वेगळा. असल्या चाचणीवर मी विश्वास ठेवला हेच खरं तर प्रकरणाचं मूळ.

आता ताईंना दिसणाऱ्या त्या खिडकीकडे येऊ. त्यावरच्या इंग्रजी वाक्याचा अर्थ असा: सर्व वापरकर्त्यांसाठीची नेटवर्कची मांडणी बदलायला सिस्टिमचं धोरण मनाई करतंय. त्याखाली व्यवस्थापकाचं नाव आणि पासवर्डची चौकट. इथे दोन निराळे पासवर्ड एकापाठोपाठ येतात आणि माणूस गोंधळतो. पहिला राउटरसाठी असतो. दुसरा राउटरपर्यंत पोचतच नाही. तो संगणकाच्या आतल्या आत पोलकिट नावाचा पहारेकरी मागतो. नेटवर्कमॅनेजरला नवी जोडणी साठवायची असते. ती सगळ्या खात्यांसाठी साठवायची म्हणजे सिस्टिमच्या फाइलीत लिहायचं. नेटवर्कमॅनेजर पोलकिटला विचारतो, "या बाईंना लिहू देऊ का?" पोलकिटकडे तीन उत्तरं असतात: हो, नाही, किंवा व्यवस्थापकाचा पासवर्ड आणा. ताईंना मिळत होतं ते तिसरं. त्या मात्र प्रत्येक चौकटीत राउटरचाच पासवर्ड घालत होत्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. एकाच मिनिटात दोन सारख्या दिसणाऱ्या चौकटी समोर आल्या तर दुसरं काय करणार?

फोनवरूनच मी काही शक्यता बाद केल्या. आजूबाजूच्या वायफायची यादी दिसत होती, म्हणजे डोंगल, ड्रायव्हर आणि रेडिओ तिन्ही ठीक. ‘डिव्हाइस व्यवस्थापनाबाहेर’ असा शेरा नव्हता, म्हणजे नेटवर्कमॅनेजरने डोंगल ताब्यात घेतला होता. खरं तर इतकं कळल्यावर राउटरला हात लावायचं कारण नव्हतं. सचिव काका मागून म्हणाले, "अहो देऊन टाका की तुमचा पासवर्ड, कशाला ताणताय." नाही दिला. व्यवस्थापकाचा पासवर्ड एकदा फोनवर सांगितला की संध्याकाळपर्यंत तो मॉनिटरच्या कडेला पेनानं लिहिलेला असतो. या संगणकावर मुलं आपापल्या आधारच्या प्रती उघडतात.

हॉल तिकिटांची तातडी होती म्हणून ताईंना त्यांचा फोन चार्जिंगच्या वायरने संगणकाला जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचं इंटरनेट संगणकाला देणं, चालू करायला सांगितलं. लगेच इंटरनेट आलं, कुणी पासवर्ड मागितला नाही. ताईंना आश्चर्य वाटलं. कारण साधं आहे. तारेने काही जोडलं की नेटवर्कमॅनेजर स्वतःच एक तात्पुरती जोडणी तयार करतो. त्यात गुपित काही नसतं आणि ती वापरकर्त्याने केलेली नसते, त्यामुळे परवानगीचा प्रश्नच येत नाही. वायफायला पासवर्ड साठवावा लागतो, तो कुणाच्या तरी नावावर साठवावा लागतो, आणि तिथून सगळी भानगड सुरू होते.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसातून त्या संगणकात शिरलो. इंटरनेट असलं की तो माझ्या एका छोट्या सर्व्हरशी स्वतःहून उलटा एसएसएच बोगदा जोडतो, म्हणजे मला दुरून त्यात शिरून आदेश देता येतात, तशी सोय मी केलेली आहे. (पुढचे आदेश मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये ते अर्थातच इंग्रजी अक्षरांत.) ताईंच्या खात्याच्या नावाने ‘एनएमसीएलआय जनरल परमिशन्स’ चालवलं. हा आदेश फार उपयोगी आहे आणि फारसा कुणाला माहीत नाही. नेटवर्कमॅनेजरच्या एकेका कृतीपुढे तो येस, नो किंवा ऑथ (म्हणजे पासवर्ड आणा) लिहून देतो. सगळ्यांसाठीची मांडणी बदलण्यापुढे ऑथ होतं, ते अपेक्षितच. पण वायफाय चालू-बंद करण्यापुढे चक्क नो होतं. मी ते वाचलं आणि पुढे गेलो. ताई सकाळपासून वायफायचं बटण चालू-बंद करत होत्या, त्यांना कुणी अडवलं नव्हतं, हे मला आठवायला हवं होतं.

डेबियनमध्ये एक पक्की वाट आहे. ‘नेटडेव्ह’ किंवा ‘सुडो’ (व्यवस्थापकांच्या) गटातल्या वापरकर्त्याला नेटवर्कची मांडणी बदलायला सरसकट मुभा असते. इन्स्टॉल करताना जे पहिलं खातं तयार होतं ते आपोआप नेटडेव्हमध्ये जातं. नंतर केलेली खाती जात नाहीत. माझं खातं पहिलं, म्हणून रविवारी मला काहीच अडचण आली नाही. मला वाटलं, सापडलं. ताईंना नेटडेव्हमध्ये टाकलं, तोच आदेश परत चालवला. ऑथ. सेवा रीस्टार्ट केली. ऑथ. संगणक रीस्टार्ट केला, ताईंना टेदरिंग परत चालू करायला लावलं, पुन्हा शिरलो. ऑथच. जेवणाचा डबा तसाच राहिला. मग चिडून ताईंना नेटडेव्हमधून काढून टाकलं, आणि सहज म्हणून तोच आदेश माझ्या स्वतःच्या खात्यातून चालवला.

ऑथ. माझ्याही खात्याला.

रविवारी ज्या खात्यातून मी एका क्लिकमध्ये वायफाय जोडलं होतं, त्याच खात्याला सोमवारी संगणक पासवर्ड आणा म्हणत होता. बदललं होतं फक्त मी बसलो होतो ते ठिकाण. नेटडेव्हच्या नियमात गटाच्या जोडीला आणखी दोन अटी असतात: माणूस संगणकासमोर प्रत्यक्ष बसलेला असावा, आणि त्याचंच सत्र त्या क्षणी पडद्यावर असावं. एसएसएचने शिरलेला माणूस कुठल्याही गटात असला तरी पोलकिटच्या लेखी बाहेरचाच. मी दुपारभर जे मोजत होतो ते ताईंच्या परवानग्यांचं माप नव्हतंच. ते माझ्या बोगद्याचं माप होतं. रिमोट डेस्कटॉपने काम करणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. तिथे तर नुसती वायफायची यादी ताजी करायलासुद्धा पासवर्डची खिडकी उघडते आणि लोक ड्रायव्हर बदलत बसतात.

मला ही रचना पटते. वाचनालयाच्या खुर्चीत बसलेल्या बाईंनी वायफाय बदलणं वेगळं आणि दुसऱ्या गावाहून कुणीतरी ते बदलणं वेगळं. दूरच्या माणसाने जोडणी चुकीची बदलली तर तो ज्या फांदीवर बसलाय तीच तोडतो. तक्रार एवढीच की खिडकीत यातलं काहीही लिहिलेलं नसतं.

मंगळवारी संध्याकाळी सहाला स्वतः गेलो. ताईंना त्यांच्या खात्यात लॉगिन करायला सांगितलं आणि त्यांच्याच खुर्चीत बसलो. आधी ‘लॉगिनसीटीएल’ने सत्र तपासलं: स्थानिक, सक्रिय, सीट शून्य. मग तोच परवानग्यांचा आदेश. आता चित्र निराळं. वायफाय चालू-बंद करणं, येस. स्वतःपुरती जोडणी, येस. सगळ्यांसाठीची मांडणी, ऑथ. म्हणजे अडचण नेमक्या एका ओळीत होती.

पण त्याआधी मनात दुसराच प्रश्न आला. ताईंना नवी जोडणी करावीच का लागत होती? वाचनालयाच्या वायफायची फाइल तर मी जुन्या डिस्कवरून आणून ठेवली होती. संगणक सुरू झाला की कुणी लॉगिन करायच्या आतच तो आपोआप जोडला जायला हवा होता. ‘एनएमसीएलआय कनेक्शन शो’मध्ये फक्त माझ्या घरचं वायफाय दिसत होतं. वाचनालयाचं नाव नाही. डिस्कवर फाइल मात्र जागच्या जागी होती.

नेटवर्कमॅनेजरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, ‘जर्नलसीटीएल’ने उघडला. संगणक सुरू होतानाच्या गर्दीत एक ओळ होती: या फाइलच्या परवानग्या, १००६४४, असुरक्षित आहेत. एवढं म्हणून त्याने फाइल सोडून दिली होती. या फाइलींत वायफायचा पासवर्ड उघडा लिहिलेला असतो, म्हणून नेटवर्कमॅनेजरचा आग्रह असतो की मालक रूट (सिस्टिमचा सर्वाधिकारी) असावा आणि दुसऱ्या कुणाला ती वाचताही येऊ नये, म्हणजे ६००. जुन्या डिस्कवर ती तशीच होती. पण मी ती पेनड्राइव्हवरून आणली. पेनड्राइव्हवर फाइली साठवायची पद्धत फॅट, आणि फॅटला मालक, वाचायची परवानगी असलं काही ठाऊकच नसतं. पेनड्राइव्हवर जाऊन परत येताना फाइलचा सातबारा पुसला गेला आणि ती सगळ्यांना वाचता येईल अशी होऊन बसली. कागदपत्रांच्या बाबतीत हे चालून जातं, इथे नाही.

मालक रूट केला, ‘सीएचमॉड ६००’ केलं, ‘एनएमसीएलआय कनेक्शन रीलोड’. दोन सेकंदांत डोंगलचा दिवा लुकलुकायला लागला. राउटर जुना, डोंगल तोच, त्यामुळे फाइलीत आणखी काही बदलावं लागलं नाही. संगणक बंद करून चालू केला; लॉगिनच्या पडद्यावरच वायफाय जोडलेलं. ‘वाचक’ खातं उघडलं, इंटरनेट चालू. ताई म्हणाल्या, "झालं की."

खरं तर त्या दिवशी उठून जाता आलं असतं. पण गावभागात फायबर अधूनमधून तुटते. रस्ता उकरला की तुटतेच. तेव्हा ताई स्वतःच्या फोनच्या हॉटस्पॉटवर काम चालवतात, आणि घरी कुणाचा नवा फोन आला की हॉटस्पॉटचं नाव बदलतं. म्हणजे नवी जोडणी करता येणं ही त्यांची रोजच्या कामातली गरज होती. ताईंच्या फोनवर हॉटस्पॉट लावायला सांगितला, यादीतून निवडला, पासवर्ड घातला. परत तीच खिडकी, परत माझं नाव.

म्हणजे माझी पीकेएलए फाइल काम करत नव्हती. आता मात्र रविवारचं ते नसलेलं फोल्डर आठवलं. बसवलेल्या पॅकेजांची यादी काढली: पोलकिट, आवृत्ती १२२. आणि डोक्यात प्रकाश पडला. परवानगीचे नियम पीकेएलएऐवजी जावास्क्रिप्टमध्ये लिहायचे हे पोलकिटच्या मूळ प्रकल्पाने २०१२ मध्येच ठरवलं होतं. डेबियनने मात्र त्याच्या आधीची ०.१०५ ही आवृत्ती सोडली नाही, त्यात दुरुस्त्या करत राहिलं. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आलं तेव्हा उडी थेट १२२ वर पडली. जुन्या फाइली वाचायला एक वेगळं पॅकेज आहे. अपग्रेड केलं तर सहसा ते आपोआप येतं, जुने नियम गुपचूप मरू नयेत म्हणून. मी अपग्रेड केलंच नव्हतं. या संगणकावर ते पॅकेज नव्हतं, म्हणून फोल्डर नव्हतं, आणि मी फोल्डर तयार करून त्यात ठेवलेली फाइल जगात कुणीही वाचत नव्हतं. चूक असती तर निदान लॉगमध्ये ओरड झाली असती. न वाचलेल्या फाइलीबद्दल कोण ओरडणार?

ते पॅकेज टाकलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं. टाकलं नाही. जुन्या नोटा बदलून देणाऱ्या खिडकीसारखं ते आहे, कधीतरी बंद होणार. त्यापेक्षा सिस्टिमच्या मांडणीच्या फाइली असतात त्या ईटीसीतल्या पोलकिट फोल्डरात ‘४९-ग्रंथालय’ नावाची नियमांची नवी फाइल लिहिली. सहा ओळी: कृती नेटवर्कची सगळ्यांसाठीची मांडणी बदलण्याची असेल, आणि माणूस स्थानिक असेल, आणि त्याचं सत्र सक्रिय असेल, आणि तो ग्रंथालय गटात असेल, तर येस. बाकी कशाबद्दल काही बोलायचं नाही, म्हणजे पोलकिट पुढचे नियम बघतो. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि जो पहिला ठाम उत्तर देतो त्याचं चालतं, म्हणून नावाच्या सुरुवातीला आकडा. सेवा रीस्टार्ट करावी लागत नाही, फाइल बदलली की पोलकिट स्वतः वाचतो.

ताईंना म्हटलं, "आता करून बघा."

खिडकी आली. वर माझं नाव.

मामांनी चहा आणला होता तो थंड झाला. ताई काही बोलल्या नाहीत, वर्गणीची पावती फाडत बसल्या. ते जास्त लागलं. लॉग बघितला. पोलकिटने किती नियम वाचले तो आकडा तो लिहितो, आणि आधीपेक्षा तो एकाने वाढला होता. म्हणजे माझी फाइल वाचली गेली, तिच्यात व्याकरणाची चूक नाही. मग चारपैकी एखादी अट खोटी ठरत होती. कृतीचं नाव परवानग्यांच्या यादीतूनच उचललेलं, ते बरोबर. स्थानिक आणि सक्रिय हे तासाभरापूर्वी डोळ्यांनी बघितलेलं. उरला गट. ‘आयडी’ आदेश चालवला. ताईंच्या नावापुढे त्यांचा स्वतःचा गट, बस्स. ग्रंथालय नाही. दुसरंही काही नाही.

रविवारी मी स्वतः त्यांना त्या गटात टाकलं होतं. काढलं कुणी?

मीच. सोमवारी दुपारी, डबा समोर ठेवून. नेटडेव्हमध्ये टाकताना ‘युजरमॉड’ला मोठा जी दिला आणि त्याच्याआधीचा छोटा ए विसरलो. ए म्हणजे आहेत त्या गटांत भर घाल. ए नसेल तर अर्थ होतो: आता याचे गट एवढेच, बाकीच्यांतून नाव काढ. आदेश काही बोलत नाही, इशारा देत नाही. त्यानंतर मी नेटडेव्हही काढून घेतलं, म्हणजे ताई सगळ्याच गटांतून बाहेर. ही चूक मी पंधरा वर्षांपूर्वी एकदा केली होती, तेव्हापासून मुलांना शिकवताना या ए वर पाच मिनिटं बोलतो. असो.

ताईंना ग्रंथालय गटात परत घातलं, या वेळी ए सकट. हॉटस्पॉट निवडला, पासवर्ड घातला. जोडला गेला. दुसरी खिडकी आलीच नाही. ताई अजून पडद्याकडे बघत होत्या, ती यायची वाट बघत.

‘वाचक’ खात्याचं काय करायचं यावर सचिव काकांशी थोडी हुज्जत झाली. त्यांचं म्हणणं, मुलांनाही द्या मुभा, उगाच ताईंना उठवतात. त्यांना वाटत होतं की फार तर कुणी चुकीचं वायफाय जोडेल. पण नेटवर्कमॅनेजरमध्ये सगळ्यांसाठीची जोडणी बदलायची परवानगी आणि त्या जोडणीचा साठवलेला पासवर्ड बघायची परवानगी एकच आहे. ज्याला बदलता येतं त्याला ‘पासवर्ड दाखवा’वर खूण करून तो वाचताही येतो. म्हणजे वाचक खात्याला नेटडेव्हमध्ये टाकलं की आठवड्याभरात वाचनालयाचं वायफाय समोरच्या गल्लीतल्या प्रत्येक फोनमध्ये. काका लगेच म्हणाले, "मग नको." आणि मुलांना त्याची गरजही नाही, साठवलेली जोडणी वापरायला कुणालाच काही विचारलं जात नाही, ती संगणक सुरू होतानाच जोडलेली असते.

माझ्या घरच्या वायफायची जोडणी पुसून टाकली, कुणीही न वाचणारं ते फोल्डर पीकेएलए फाइलीसकट काढून टाकलं. ताईंनी देवघेवीच्या नोंदवहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं: पहिली चौकट राउटरची, दुसऱ्या चौकटीत सरांचं नाव दिसलं तर काही भरायचं नाही, फोटो काढून सरांना पाठवायचा. हे पान मला फार आवडलं. मी लिहिलं असतं तर यापेक्षा लांब आणि निरुपयोगी झालं असतं.

गुरुवारी सकाळी फोटो आला. खिडकी वेगळी, पण वर माझंच नाव. मागोमाग फोन. "सर, वायफाय झकास चाललंय. आता प्रिंटर तुमचा पासवर्ड मागायलाय."

कागद अडकून प्रिंटरची रांग थांबली होती आणि ती परत चालू करायला ‘एलपीॲडमिन’ गटात असावं लागतं. रविवारी मी ताईंना त्यातही टाकलं होतं. सोमवारी त्यातूनही काढलं होतं. मंगळवारी मात्र मी जो गट शोधत होतो तेवढाच परत घातला आणि उठलो. या वेळी एसएसएचने शिरून आधी जुन्या डिस्कच्या बॅकअपमधली गटांची फाइल उघडली आणि ताईंचं नाव जिथे जिथे होतं ती एकेक ओळ वहीत उतरवली. चार निघाल्या.